लूर्दच्या मातेनं उच्चारलेलं 'आपण'

(११ फेब्रुवारी, लूर्दच्या मातेचा सण. आजारी माणसं आणि त्यांची सेवा करणारे यांच्या मेळाव्यात झालेलं हे व्याख्यान. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

फादर, सिस्टर आणि माझ्या भावाबहिणींनो,

मी एकतीस वर्षं नर्स होते. त्यामुळे लूर्दवर बोलायला मला बोलावतात तेव्हा लोकांना वाटतं, ही आता चमत्कार सांगणार. कोण पांगळा चालायला लागला, कोणाची गाठ विरघळली. त्याबद्दलही मी बोलेन, पण थोडंच. मला खरं तर एका शब्दाबद्दल बोलायचंय. एका चौदा वर्षांच्या, दमेकरी, निरक्षर मुलीला पवित्र मरियेनं ज्या शब्दानं हाक मारली, त्या शब्दाबद्दल. माझ्या मते लूर्दची सगळी भक्ती त्या एका शब्दातून उगवलेली आहे.

आधी मुलगी कोण ते बघू.

बर्नाडेट सुबिरू. जन्म ७ जानेवारी १८४४. गाव लूर्द, फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीजच्या पायथ्याशी. वडील पाणचक्कीवर दळण दळायचे. धंदा बसला, चक्की गेली, भाड्याच्या खोल्या बदलत बदलत कुटुंब खाली खाली येत गेलं आणि शेवटी एका नातेवाइकाच्या मेहेरबानीनं एका खोलीत येऊन पडलं. ती खोली म्हणजे पूर्वीचा तुरुंग. दमट आहे आणि कैद्यांना अपायकारक आहे म्हणून सरकारनं तो बंद केला होता. जिथं कैदी ठेवणं बरं नाही तिथं आईबाप आणि चार मुलं राहत होती. ती खोली आजही बघायला मिळते. लांबी साडेचार मीटरपेक्षा कमी, रुंदी चार मीटरपेक्षा कमी. मी तिच्यात उभी राहिले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो नर्सचा होता: इथं दम्याचा पेशंट एक हिवाळा कसा काढेल?

१८५५ मध्ये लूर्दला कॉलरा आला. बर्नाडेटला तो झाला, ती वाचली, पण छाती कायमची अधू झाली. १८५७ मध्ये वडिलांवर पिठाची पोती चोरल्याचा आळ आला. काही दिवस त्यांना कोठडीत डांबलं, पुरावा मिळाला नाही म्हणून सोडलं. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? हिला वाचता येत नव्हतं, फ्रेंच येत नव्हतं. घरात बोलायची ती तिथली डोंगरी बोली, आणि धर्मशिक्षण तर फ्रेंचमधून. त्यामुळे चौदा वर्षांची झाली तरी पहिलं कम्युनिअन, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं, झालेलं नव्हतं. त्यासाठीच जानेवारी १८५८ मध्ये ती शेजारच्या बार्त्रेस गावातली मेंढ्या राखण्याची चाकरी सोडून घरी परतली होती.

आणि ११ फेब्रुवारी. गुरुवार. थंडी, आणि घरात सरपण नाही. बर्नाडेट, धाकटी बहीण आणि एक मैत्रीण लाकडं गोळा करायला निघाल्या. गाव्ह नदीच्या काठी मासाबिएल नावाचा खडक आहे. मासाबिएल म्हणजे जुना खडक. त्याच्या पायथ्याशी गुहा आणि समोर चक्कीच्या कालव्याचं गार पाणी. बाकीच्या दोघी पाण्यातून पलीकडे गेल्या. हिला दमा, म्हणून आईनं बजावलेलं की पाय भिजवू नकोस. ती मागं राहिली. शेवटी जावं म्हणून मोजे काढायला वाकली, तर सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज. मान वर करून बघितलं तर झाडं स्तब्ध. पुन्हा आवाज. आणि गुहेच्या वरच्या बाजूला कपारीत एक रानगुलाबाचं झुडूप होतं, तेवढंच हलत होतं.

कपारीत उजेड, आणि उजेडात पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी. मुलगी म्हणते आहे मी, बाई नाही. बर्नाडेटनं शेवटपर्यंत हेच सांगितलं की ती लहानखुरी होती, माझ्याएवढी. कमरेला निळा पट्टा, दोन्ही पावलांवर एकेक पिवळा गुलाब, हातात जपमाळ. बर्नाडेट घाबरली आणि खिशातली माळ चाचपली. क्रुसाची खूण करायला हात उचलला, तर हात कपाळापर्यंत जाईना. मग त्या मुलीनं स्वतः क्रुसाची खूण केली, आणि हिचा हात मोकळा झाला. हिनं जपमाळ म्हटली. समोरची नुसती मणी सरकवत होती, ओठ हलत नव्हते. फक्त 'पित्याला गौरव' म्हणताना तिनं साथ दिली. जपमाळ संपली आणि कपार रिकामी झाली.

इथं मी क्षणभर थांबते. मराठीत आपण 'दर्शन घेतलं' म्हणतो. म्हणजे बघणारे आपण. पण बर्नाडेटचे शब्द तसे नाहीत. पुढे तिला पुन्हा पुन्हा विचारण्यात आलं की तू काय पाहिलंस, तेव्हा तिनं जे सांगितलं त्यात एक वाक्य असं आहे: एक माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतं, तशी ती माझ्याकडे बघत होती. गुहेत खरी गोष्ट घडली ती ही. बर्नाडेटकडे कोणीतरी बघितलं. चोराची मुलगी म्हणून नाही, मठ्ठ म्हणून नाही, खोकणारी पोर म्हणून नाही.

तिसरं दर्शन १८ फेब्रुवारीला. त्या दिवशी गावातल्या एक प्रतिष्ठित बाई बर्नाडेटसोबत आल्या होत्या. त्यांनी कागद, दौत आणि टाक बरोबर आणला होता. त्या म्हणाल्या, तिला विचार तुझं नाव काय आणि इथं लिहून घे. बर्नाडेटनं कागद पुढे केला. वरून उत्तर आलं, मला जे सांगायचंय ते लिहिण्याची गरज नाही. आणि मग:

"पंधरा दिवस इथं येण्याची कृपा आपण कराल का?"

बर्नाडेटच्या बोलीत, फ्रेंचमध्ये असतो तसाच, 'तू' आणि 'आपण' असा भेद आहे. पोराटोरांना, गरिबांना, नोकरांना 'तू'. मानाच्या माणसाला 'आपण'. बर्नाडेटला जन्मात कोणी 'आपण' म्हटलेलं नव्हतं. आणि ती बाई, जिला बर्नाडेट अजून ओळखत नव्हती, तिनं हुकूम केला नाही, 'ये' म्हटलं नाही. तिनं विचारलं. 'कृपा कराल का' असं विचारलं. या गोष्टीचं बर्नाडेटला कायम आश्चर्य वाटत राहिलं, आणि ती ते बोलून दाखवायची.

इंग्रजीत हे सांगता येत नाही. तिथं सगळ्यांना एकच शब्द. मी लहानपणी लूर्दची गोष्ट इंग्रजीतूनच ऐकली, आणि हा 'आपण' मला कित्येक वर्षं दिसलाच नाही. आपली भाषा या एका बाबतीत लूर्दच्या फार जवळची आहे. मराठी माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. आपल्या घरी दळण आणून देणाऱ्या मुलीला 'आपण जरा येण्याची कृपा कराल का' असं कोणी म्हटलं, तर ती मागं वळून बघेल की हे कोणाला बोलतायत.

आता माझं सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा वॉर्डात पेशंटला नाव नव्हतं. बेड नंबर होता. "बाराला स्पंज दे", "सातची लघवी मोजली का", "चौदा रात्रभर ओरडत होता". मीही तेच बोलायचे. साठ-सत्तर वर्षांच्या माणसांना 'ए, इकडं वळ' म्हणायचे. कोणाला वाईट वागवायचं म्हणून नाही, ड्युटीच तशी असायची. एका रात्रपाळीला एका म्हाताऱ्या बाईंची पाठ चोळत होते, बेडसोर होऊ नये म्हणून. मी म्हटलं, "कूस बदल." त्या वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी शाळेत शिकवायचे हो." बस, एवढंच. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. चार दिवसांनी त्या गेल्या. अर्थ कळला तो फार नंतर, या १८ फेब्रुवारीच्या ओळीवर.

त्याच दिवशी बर्नाडेटला आणखी एक वाक्य मिळालं: या जगात तुम्हाला सुखी करण्याचं वचन मी देत नाही, पुढच्या जगात देते. हे वाक्य आपण लक्षात ठेवत नाही. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करताना तर मुळीच नाही.

पुढचं सगळं सविस्तर सांगायला वेळ नाही. एकूण अठरा दर्शनं, ११ फेब्रुवारी ते १६ जुलै. गर्दी वाढत गेली, ४ मार्चला तर हजारोंनी लोक जमले. पोलीस कमिशनर जाकोमे यांनी तिला बोलावून उलटतपासणी घेतली. त्यांनी लिहून घेतलेलं वाचून दाखवलं की ती मध्येच म्हणायची, नाही साहेब, मी असं म्हटलं नाही, तुम्ही बदललंत. तिनं 'कुमारी मरिया' हे नाव स्वतःहून कधी घेतलं नाही. ती म्हणायची 'आकेरो', म्हणजे 'ते', 'ती जी कोणी आहे ती'. जेवढं पाहिलं तेवढंच सांगायचं. असं साक्ष देणं किती अवघड असतं हे ज्यांनी कधी केस पेपर लिहिलेत त्यांना माहीत आहे. सरकारी वकिलांनी तिला आईसह बोलावलं होतं, त्या वेळची एक गोष्ट सांगतात. आई उभी राहून राहून थरथरायला लागली. तेव्हा साहेब म्हणाले, खुर्च्या आहेत, बसा. बर्नाडेट म्हणाली, नको, आम्ही बसलो तर मळतील. आणि जमिनीवर बसली. साहेबाच्या आवाजात काय होतं ते तिनं बरोबर ओळखलं होतं. 'आपण' ऐकलेल्या कानाला ते ओळखता येतं.

आणि आता २५ फेब्रुवारी. हा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि प्रवचनांत तो नेहमी घाईघाईनं उरकतात.

त्या सकाळी शेकडो माणसं गुहेपाशी होती. बर्नाडेटला सांगणं झालं: झऱ्यावर जा, पाणी प्या, तोंड धुवा, आणि तिथला पाला खा. झरा कुठं होता? कुठंच नव्हता. ती नदीकडे निघाली, तर खूण झाली की तिकडं नाही. ती गुहेच्या कोपऱ्यात गेली. तिथं थोडा चिखल. हातानं उकरला. ओंजळीत आलं ते गढूळ. टाकून दिलं. पुन्हा उकरलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदाही टाकलं. चौथ्यांदा डोळे मिटून प्यायली. तोच चिखल तोंडाला लावला. मग रानपाला तोडून चावून गिळला. वळली तेव्हा तोंड चिखलानं माखलेलं. लोकांनी तोंडं फिरवली. पोरगी वेडी झाली, म्हणाले. आदल्या दिवसापर्यंत तिच्यामागं माळा घेऊन येणारे लोक लाजून घरी गेले. कोणी विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, पाप्यांसाठी.

मी नर्स म्हणून हे चित्र बघते. तोंड बरबटलेलं, हात घाण, आणि भोवतीची माणसं नाकाला पदर लावून मागं सरकतायत. हे मी रोज पाहिलंय. आजारी माणसाची ही अवस्था होते. जेवण अंगावर सांडतं, चादर खराब होते, आणि मुलगा दारापाशी उभा राहतो, आत येत नाही. लूर्दचा झरा ज्या दिवशी निघाला त्या दिवशी तो बघणाऱ्यांना झरा दिसलाच नाही. त्यांना एक घाण झालेली मुलगी दिसली. पाणी नंतर निवळलं.

त्या पाण्याचं विश्लेषण त्याच वर्षी तुलूझचे प्राध्यापक फिलोल यांनी केलं. निष्कर्ष असा की हे डोंगराळ भागात मिळतं तसं साधं पिण्याचं पाणी आहे, त्यात औषधी असं काही नाही. गावच्या काही पुढाऱ्यांना आशा होती की गंधकाचं वगैरे निघेल आणि इथं स्नानगृहं काढून गिऱ्हाइक येईल. त्यांची निराशा झाली. मला मात्र हा अहवाल फार आवडतो. चर्च कधी म्हणालं नाही की पाण्यात काही आहे. पाणी ही खूण आहे. आपला बाप्तिस्मा झाला तेव्हाही साधंच पाणी होतं.

१ मार्चला कातरीन लातापी नावाची, दिवस भरलेली बाई शेजारच्या गावातून रात्री चालत आली. ओकच्या झाडावरून पडून तिचा हात दुखावला होता आणि दोन बोटं वाकून जड झाली होती. तिनं हात पाण्यात घातला आणि बोटं सरळ झाली. त्याच दिवशी घरी जाऊन ती बाळंतही झाली, आणि तो मुलगा पुढं धर्मगुरू झाला. लूर्दच्या मान्य चमत्कारांत ही पहिली नोंद.

२ मार्चला निरोप आला: धर्मगुरूंना सांगा, इथं चॅपेल बांधा आणि लोकांनी इथं मिरवणुकीनं यावं. गावचे धर्मगुरू फादर पेरामाल तापट होते. ते म्हणाले, तिचं नाव विचार, नाव कळल्याशिवाय काही नाही. २५ मार्च, देवदूताच्या संदेशाचा सण. बर्नाडेटनं नाव विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. तेव्हा समोरचीनं हात जोडले, डोळे वर केले आणि बर्नाडेटच्याच बोलीत म्हणाली, "के सोय एरा इमाकुलादा कुन्सेप्सिउ." मी निष्कलंक गर्भसंभव आहे. बर्नाडेटला यातलं एक अक्षर कळलं नाही. विसरू नये म्हणून ते शब्द पुटपुटत ती धावत फादरांच्या दारापर्यंत गेली आणि दारातच म्हणून मोकळी झाली. फादर हादरले. पोप नववे पायस यांनी निष्कलंक गर्भसंभवाचा, म्हणजे मरिया आईच्या उदरात आली तेव्हापासूनच आदिपापापासून मुक्त होती हा, धर्मसिद्धान्त ८ डिसेंबर १८५४ ला जाहीर केला होता, त्याला अजून चार वर्षंही झाली नव्हती. ज्या मुलीला त्रैक्य समजावताना शिक्षिका थकल्या होत्या, तिच्या तोंडात हे शब्द, तेही तिच्या घरच्या बोलीत. स्वर्गाची राणी शुद्ध फ्रेंच बोलली नाही. पिठाच्या चक्कीवरची बोली बोलली.

तार्बचे बिशप लोरांस यांनी चौकशी समिती नेमली आणि १८ जानेवारी १८६२ ला दर्शन खरं असल्याचा निर्णय दिला. खाजगी दर्शनावर श्रद्धा ठेवणं कॅथॉलिक माणसाला बंधनकारक नाही, हेही इथं सांगायला हवं. बर्नाडेटही तेच म्हणायची: मला तुम्हाला सांगायचं काम दिलंय, पटवायचं नाही.

आता तिचं पुढं काय झालं? १८६६ मध्ये ती नेव्हेरच्या कॉन्व्हेंटमध्ये गेली आणि पुन्हा लूर्दला कधी आली नाही. ३० ऑक्टोबर १८६७, व्रत घेण्याचा दिवस. बिशप एकेका सिस्टरला नेमणूक देत होते, कोण शाळेत, कोण दवाखान्यात. बर्नाडेटचा नंबर आला तेव्हा मदर सुपिरिअर म्हणाल्या, ही कसल्याच कामाची नाही. सगळ्यांसमोर. बिशपांनी तिला प्रार्थनेचं काम दिलं. आणि मग, आजारी सिस्टर असतात त्या खोल्यांत मदत करायला ठेवली. म्हणजे ती आमच्यातली झाली, नर्स. चांगली नर्स होती असं तिथल्या सिस्टरांनी सांगून ठेवलंय. एका सिस्टरनं तिला लूर्दच्या दर्शनांबद्दल छेडलं तेव्हा ती म्हणाली, झाडून झालं की केरसुणीचं काय करता? दाराच्या मागं ठेवता ना? मातेनं मला वापरलं आणि जागेवर ठेवलं.

पुढं ती स्वतःच अंथरुणाला खिळली. दमा होताच, त्यात गुडघ्याला हाडाचा क्षय. पांढऱ्या पडद्यांच्या पलंगाला ती 'माझं पांढरं चॅपेल' म्हणायची. एकदा कोणी थट्टेनं म्हणालं, काय करतेस आळशासारखी पडून? ती म्हणाली, माझं काम करतेय. कसलं काम? आजारी असण्याचं. १६ एप्रिल १८७९ ला ती गेली, वय पस्तीस. शेवटी 'नमो मरिये'चा दुसरा भाग म्हणत होती, आणि 'आम्हा पाप्यांसाठी' च्या जागी म्हणत होती, माझ्यासाठी, मज गरीब पापिणीसाठी. संतपद ८ डिसेंबर १९३३ ला.

जिच्या हातानं झरा उघडला ती कधी बरी झाली नाही. माझ्या पेशंटांना मी हे आधी सांगते. नाहीतर त्यांना वाटतं, मी बरा झालो नाही म्हणजे माझी श्रद्धा कमी पडली. हा आरोप आपली माणसं आजाऱ्याच्या उशाशी बसून करतात, आणि तो दुखण्यापेक्षा जास्त दुखतो. कृपा करून करू नका.

चमत्कारांचं मघाशी म्हटलं, ते आता सांगते. लूर्दला १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. मी बरा झालो असं सांगायला आजवर सात हजारांहून अधिक लोक तिथं गेले. आजार गंभीर होता का, निदान पक्कं होतं का, बरं होणं अचानक आणि पूर्ण होतं का, ते टिकलं का, औषधानं झालं असेल का, हे डॉक्टर वर्षानुवर्षं तपासतात. त्यात श्रद्धाळू डॉक्टर असतात तसे न मानणारेही असतात. डॉक्टर 'चमत्कार' हा शब्द वापरत नाहीत. आजच्या वैद्यकाला याचं कारण सांगता येत नाही, एवढंच म्हणतात. चमत्कार म्हणायचं की नाही ते त्या माणसाचा बिशप ठरवतो. १८५८ पासून २०२५ पर्यंत अशी मान्यता मिळालेल्या घटना ७२. आणि येणारे? दर वर्षी लाखो. त्यांतले बहुतेक जण आजार जसा नेला तसाच परत आणतात. तरी पुन्हा जातात. का जातात, हे मला तिथं जाऊन कळलं.

लूर्दला रस्त्यावर आजारी माणूस आला की सगळे थांबतात. निळ्या रंगाच्या, टप असलेल्या तीनचाकी गाड्या असतात. त्यांत आजाऱ्यांना बसवून स्वयंसेवक ओढतात. हे स्वयंसेवक स्वतःच्या खर्चानं येतात. कोणी बँकेत असतो, कोणी कॉलेजात. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही सेवा आहे. मिरवणूक निघते तेव्हा आधी या गाड्या, मग बाकीचे. गुहेसमोर पहिल्या रांगा त्यांच्या. संध्याकाळी पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची, मिरवणूक होते, तेव्हा फादर साक्रामेंत घेऊन आजाऱ्यांच्या रांगांमधून जातात, आशीर्वाद देतात. जिथं जगभर आजारी माणूस शेवटी, कोपऱ्यात, दाराआड असतो, तिथं तो सगळ्यांत पुढं आहे. गावच्या रचनेतच 'आपण' भिनलेला आहे.

आणि हे बोलताना मला दिसतंय की आपल्या सभागृहात चाकाच्या खुर्च्या मागं, दरवाजाजवळ आहेत. न्यायला सोपं पडावं म्हणून ठेवल्या असणार, हेतू चांगलाच आहे. पण आपण दोन मिनिटं थांबू या का? पहिल्या दोन रांगांतल्या मंडळींनी जरा उठावं. त्या खुर्च्या पुढं घेऊ. सावकाश, ब्रेक सोडून मगच ढकला. आणि ढकलायच्या आधी त्यांना विचारा.

(इथे खुर्च्या पुढे आणल्या गेल्या.)

बरं. आता भक्तीच्या रीतींबद्दल थोडं, कारण घरी काय करायचं असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

लूर्दची भक्ती शरीरानं करायची आहे. तिथं लांबलचक पाठ नाही. प्या, धुवा, चाला, मेणबत्ती धरा, मणी ओढा. ज्याला बोलता येत नाही त्यालाही जमेल असं. गुहेत लोक खडकाला हात लावत पुढं सरकतात. इतक्या हातांनी तो खडक गुळगुळीत आणि काळाभोर झालाय. मीही हात लावला, तो गार आणि ओलसर होता. माझ्यापुढं एक तरुण मुलगा होता, मान सावरत नव्हती. त्याच्या आईनं त्याचा हात धरून खडकावरून फिरवला, आणि मग तोच हात त्याच्या गालावर ठेवला. एक शब्द नाही. ती प्रार्थना पूर्ण होती.

स्नानाच्या टाक्यांत पूर्वी सगळ्यांना बुडवत. पाणी इतकं थंड की श्वास अडकतो. २०२० च्या महासाथीत ते बंद झालं आणि त्याच्या जागी साधी रीत आली. स्वयंसेवक ओंजळीत पाणी घालतात, हात धुवायचे, तोंड धुवायचं, आणि ओंजळीतलंच प्यायचं. गंमत म्हणजे २५ फेब्रुवारीला बर्नाडेटला सांगितलं होतं ते नेमकं एवढंच. ही रीत तुम्ही घरी आजाऱ्यासोबत करू शकता. लूर्दचं पाणी हवंच असं नाही. सकाळी तोंड पुसायला भांड्यात पाणी घेता ना, तेव्हा घाई करू नका. ओल्या फडक्यानं कपाळ पुसताना एक 'नमो मरिये' म्हणा. त्यांना म्हणता येत नसेल तर तुम्ही म्हणा. पहिल्या दिवशी मातेनंही नुसते मणीच सरकवले होते.

रात्रीची मेणबत्त्यांची मिरवणूक १८७२ पासून आहे. वाऱ्यानं विझू नये म्हणून ज्योतीभोवती कागदाची टोपी असते. गाण्यात 'आवे, आवे' आलं की हजारो हात वर जातात. ज्यांचा हात वर जात नाही त्यांचा हात शेजारचा माणूस उचलतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी हा आजाऱ्यांचा जागतिक दिन ठरवला, १९९३ पासून तो पाळतात. ऑगस्ट २००४ मध्ये ते स्वतः लूर्दला आले ते आजारी म्हणून. कंपवातानं शरीर साथ देत नव्हतं. गुहेसमोर गुडघे टेकले तेव्हा तोल सावरायला माणसं लागली. प्रवचन अर्ध्यात थांबलं, आणि त्यांनी आपल्या मातृभाषेत हळूच मदत मागितली. त्या दिवशी तिथं जमलेल्या आजाऱ्यांना पोपांचं प्रवचन किती ऐकू आलं कोणास ठाऊक, पण तो मदत मागणारा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

शेवटचं दर्शन राहिलं. ज्यांना आता घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी मी ते राखून ठेवलं होतं.

जूनमध्ये सरकारनं गुहेला फळ्यांचं कुंपण घातलं, जाणाऱ्यांवर दंड बसवला. १६ जुलै, कार्मेल मातेचा सण. संध्याकाळी बर्नाडेटला ओढ लागली. तिनं उसना झगा डोक्यावरून ओढून घेतला, बरोबर मावशी होती. गुहेकडे जाता येत नव्हतं, म्हणून त्या नदीच्या दुसऱ्या काठावर, कुरणात गेल्या आणि तिथंच गुडघे टेकले. मध्ये अख्खी नदी, पलीकडे कुंपण, आणि अंधार पडत आलेला. आजूबाजूच्या बायकांना काही दिसत नव्हतं. बर्नाडेटचा चेहरा मात्र उजळला.

नंतर तिला विचारलं, एवढ्या लांबून तुला कशी दिसली? ती म्हणाली, मला नदी दिसली नाही आणि फळ्याही दिसल्या नाहीत. मी नेहमी असते तेवढ्याच अंतरावर होते. आणि इतकी सुंदर मी तिला याआधी कधी पाहिली नव्हती.